सिलिकॉन फासणाऱ्या हातांस



तुमचे नाव या पत्रात लिहीत नाही. नाव घेतले की भिलाईत चार दिवस तुमच्याबद्दल बोलणे होईल आणि तुम्ही काय केलेत ते मागे पडेल. मला तेच पुढे आणायचे आहे. तुम्ही एक जुनी पिकअप विकलीत. विकण्याआधी तिचे इंजिन प्रेशरच्या पाण्याने लख्ख धुतलेत, इंजिनाखालच्या ऑइल-चेंबरला काळा रंग मारलात, गळणाऱ्या जागी सिलिकॉन फासलेत, आत नेहमीपेक्षा जाड ऑइल भरलेत आणि सांगितलेत, ‘गाडी थेंबभर ऑइल खात नाही.’ शब्दशः खरे होते ते. गाडी ऑइल खात नव्हती, रस्त्यावर सांडत होती. ऑइल खाणारे इंजिन सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते; धूर नाही हे तुम्ही आवर्जून दाखवलेत. गळके इंजिन खाली डाग पाडते. तो दिसू नये म्हणून गाडी फरशीवर न दाखवता मुरमाच्या मोकळ्या जागेत उभी केलीत.

तुमच्या हाताला कसब आहे, हे मी मनापासून मानतो. टॅपेट कव्हरच्या कडेने ओढलेली सिलिकॉनची रेघ इतकी सरळ आहे की आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी ती बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाले, ‘हाथ अच्छा है, नीयत नहीं.’ मला राग येतो तो याचाच. अडाणी माणसाने चुकीची दुरुस्ती केली तर ती समजून घेता येते. तुम्हाला गळती कुठून आहे हे नेमके माहीत होते. ज्याला माहीत नसते तो सगळीकडे थोडेथोडे फासतो. तुम्ही जिथे दोष होता तिथे बोटभर जाड थर दिलात आणि बाकीकडे नुसत्या रेघा ओढल्यात, म्हणजे पाहणाऱ्याची नजर फिरत राहावी.

ही गाडी आमच्याकडे काय काम करणार, ते सौदा करतानाच तुम्हाला सांगितले होते. धमध्याचा टोमॅटो आम्ही भरतो. काही माल दुर्गच्या बाजारात उतरतो. भाव असेल तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ५३ धरून राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरच्या कळमना बाजारात जातो. वाटेत देवरीजवळ मासुलकसा घाट लागतो. संध्याकाळी कॅरेट भरायचे, रात्री निघायचे, पहाटे बाजार गाठायचा. गाडी चालवणारा माणूस आमच्याकडे माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. घरात सगळे त्याला कका म्हणतात. तुम्ही त्याच्यासमोर बॉनेट उघडलेत आणि त्याच्याच भाषेत त्याला सांगितलेत, ‘कका, आंखी मूंद के चला.’ डोळे मिटून चालवायला दिलेली ती गाडी घाटात जाणार होती, हे तुम्हाला माहीत होते.

आणि हे सगळे कुठे, तर भिलाईत. १९५५च्या फेब्रुवारीत पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून माणसे या कारखान्यात आली. नागपूरकडची आमच्यासारखी मराठी कुटुंबे आंध्र, केरळ, पंजाब, बंगालच्या कुटुंबांच्या शेजाराने सेक्टरांमध्ये राहिली. माझे वडील प्लांटमध्ये पाळ्या करत. ते एक गोष्ट नेहमी सांगत: आपल्या पाळीत कुठल्या लाइनला पाझर दिसला, कुठले बेअरिंग गरम लागले, तर ते पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडाने सांगायचे आणि वहीतही लिहायचे. पुसून ठेवले, सांगितले नाही, तर तो माणूस कोरडी जागा बघून तिथे हात ठेवतो. वापरलेली गाडी दुसऱ्याच्या हाती देणे ही पाळी सोपवण्यासारखीच गोष्ट आहे. तुम्ही भिलाईतच वाढलात. तुमच्याही घरातले कोणी ना कोणी प्लांटमध्ये होते, हे तुम्हीच मला सांगितलेत. तुम्ही पाझर पुसलात, वही कोरी ठेवलीत आणि किल्ली आमच्या हातात दिलीत.

पहिल्या खेपांत काहीच कळले नाही. जाड ऑइल आणि ताजे सिलिकॉन या दोघांनी तुमची बाजू सांभाळली. मग ऊन चढले, भरलेली गाडी चढावर तापू लागली, तापलेले ऑइल पातळ झाले, आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या क्लच हाउसिंगच्या खालच्या टोकाला थेंब लोंबू लागले. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिले आणि सांगितले की क्रँकचे मागचे ऑइल सील गेले. बहुतेक मिस्त्री हेच सांगतील, कारण त्या जागी दिसणारे ऑइल बहुतेकदा त्या सीलचेच असते. पण ते सील बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील सोडायचे. एवढे करून सील चांगले निघाले तर? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमच्या धुलाईमुळे आमचा बंब सोमेश्वरी निघालाच होता. उस्तादांनी तो वाटेत अडवला.

गळतीचा शोध कसा घेतात ते इथे सविस्तर लिहितो. तुम्हाला ते येते. वाचणाऱ्या बाकीच्यांना तुमच्यासारख्यांपासून वाचायचे आहे, त्यांच्यासाठी लिहितो.

ऑइल खाली उतरते आणि मागे सरकते. इंजिनाच्या पुढे पंखा असतो, गाडी पुढे धावते, वारा मागे जातो. वर आणि पुढे कुठेतरी पाझरलेला थेंब ब्लॉकच्या अंगावरून, चेंबरच्या काठावरून सरकत सगळ्यात खालच्या, सगळ्यात मागच्या टोकाला येऊन लोंबतो. म्हणून थेंब जिथे पडतो ती जागा पुरावा नव्हे. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. जुन्या, न धुतलेल्या इंजिनावर ही वाट वाचता येते: धूळ बसून जिथे जाड काळा थर झाला तिथे गळती जुनी, आणि त्या थरावर जिथे ताजी चमक तिथे ती चालू. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजावर चालणाऱ्या आपल्या गावात धुळीला तोटा नाही. म्हणजे तुमच्या गाडीच्या इंजिनावर वर्षानुवर्षांचा लेखी जबाब होता. तो तुम्ही पाण्याने धुऊन टाकलात. घाणेरडे इंजिन दाखवले असतेत तर मी किंमत कमी मागितली असती, पण गाडी घेतली असती. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला तयार आहे.

उस्तादांनी आधी थेंब बोटावर घेतला. काळा, म्हणजे डिझेल इंजिनाचे ऑइल. गिअर ऑइल असते तर गंधकासारखा उग्र वास आला असता. मग क्लच हाउसिंगची खालची झाकणपट्टी सोडून आत बॅटरी मारली. फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू कोरडी. मागचे सील गळत असते तर ऑइल आतून आले असते, फ्लायव्हीलने ते चारी बाजूंना उडवले असते, क्लच सरकू लागला असता. आत कोरडे आणि बाहेर ओले, म्हणजे ऑइल वरून येते आहे. चार बोल्ट सोडले आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वाचली.

मग त्यांनीही इंजिन धुतले. तुमच्या आणि त्यांच्या धुण्यात फरक आहे. त्यांनी अल्टरनेटरवर प्लॅस्टिक बांधले, डिझेल आणि ब्रश घेऊन एकेक कोपरा घासला, कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडा केला, तुमचे सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढले आणि संशयाच्या सगळ्या जागांवर टाल्कम पावडर फुंकली. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर ऑइलचा केसाएवढा ओघळही काळा उमटतो. इंजिन जागच्या जागी चालवले तेव्हा काहीच उमटले नाही. तेव्हा ते म्हणाले की रिकाम्या गाडीचे इंजिन खरे बोलत नाही. कॅरेट भरून राजनांदगावच्या रस्त्याला गाडी पळवून आणली. रात्री ती फरशीवर उभी करून खाली पुठ्ठा पसरला, चाकांच्या जागा खडूने आखल्या, म्हणजे सकाळी पुठ्ठ्यावरच्या डागाच्या नेमके वर काय आहे ते बघता येईल.

मधे एक तपासणी आणखी केली, आणि ती सगळ्यांनी करावी अशी आहे. सिलिंडर आणि रिंग झिजल्या की जळलेला गॅस पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतो. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते. त्या गॅसला बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर पाइप. तो तुंबला तर आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथे सील नाजूक असेल तिथून बाहेर ढकलले जाते. मग माणसे एक सील बदलतात, दुसरे फुटते. दुसरे बदलतात, तिसरे फुटते. सीलचा दोषच नसतो. उस्तादांनी चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण काढून तळवा धरला. भपकारा बेताचा होता. ब्रीदर पाइप मात्र मधोमध चपटा होऊन काळ्या गाळाने अर्धा भरला होता. तो साफ केल्यावर थेंब कमी झाले, थांबले नाहीत. म्हणजे ब्रीदरने गळती वाढवली होती, सुरू केली नव्हती.

सकाळी पावडर बोलली. काळा ओघळ अल्टरनेटरच्या मागून निघाला होता.

इथे थोडे थांबतो, कारण तुमचा गुन्हा इथे आहे आणि पुष्कळ मालकांना ही जागा माहीतही नसते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, त्यामुळे आत आपोआप निर्वात तयार होतो आणि ब्रेकच्या बूस्टरला तो मिळतो. जुन्या डिझेल इंजिनात तशी झडप नसते. म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो, आणि बोलेरो पिकअप असो की टाटा २०७, आपल्याकडच्या अशा जुन्या गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच्याच शाफ्टवर फिरतो. पंपाच्या आतली पाती इंजिनाच्या ऑइलवर सरकतात आणि त्याच ऑइलने त्यांच्या फटी बंद होतात. बारीक नळीने दाबाखाली ऑइल आत येते, जाड रबरी पाइपने ते परत चेंबरमध्ये उतरते. म्हणजे तिथून ऑइल सांडले किंवा तिथे ऑइल कमी पोहोचले, तर प्रश्न डागाचा राहत नाही. ब्रेक पॅडल दगडासारखे कडक होते. बूस्टरची मदत गेली की भरलेली गाडी थांबवायला माणसाला पूर्ण वजन पॅडलवर टाकावे लागते, आणि तरी ती थांबायला जास्त रस्ता घेते.

परतीच्या त्या जाड पाइपच्या जागी तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचा पाइप कापून बसवला होतात. ऑइलला न टिकणारे रबर फुगून तोंडाशी भेगाळले होते. बोटाने दाबले तर ते मऊ चिखलासारखे आत गेले. क्लॅम्प नव्हता. बांधकामावर सळ्या बांधायची तार दोन वेढे देऊन पिळली होती. तारेवर, पाइपवर, पंपाच्या तोंडावर बोटभर सिलिकॉन. त्यावर काळा रंग. रंग, सिलिकॉन, तार, पाइप: एकाखाली एक चार थर उस्तादांनी सोडवले तेव्हा गॅरेजमधली तीन पोरे बाजूला उभी राहून बघत होती आणि कोणी बोलले नाही.

मग मला ककांचे बोलणे आठवले. घाटातून आल्यावर त्यांनी सांगितले होते की ब्रेक कडक लागतो, चार्जिंगचा दिवाही मधूनच मिणमिणतो, आणि इंजिन तापून हळू चालत असले की ऑइलचा लाल दिवा डोळा मारतो. त्या रात्री त्यांनी घाट ब्रेकवर उतरवला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरवला, मागच्या ट्रकांचे हॉर्न खात. त्यांच्या पोटात चाळीस वर्षांचा रस्ता आहे म्हणून हे पत्र मी ऑइलबद्दल लिहितो आहे. नव्याने परवाना मिळालेला पोरगा त्या सीटवर असता तर मी कशाबद्दल लिहिले असते, याचा तुम्ही विचार करावा. मी केला आहे, आणि त्यानंतर मला तुमच्याशी गोड बोलणे जमणार नाही.

तीन तक्रारींपैकी दोन अल्टरनेटरच्या पाठीशी उलगडत होत्या. पंपाच्या सीलमधून ऑइल अल्टरनेटरच्या आत शिरले होते, कार्बन ब्रश चिकट झाले होते, म्हणून चार्जिंगचा दिवा. कडक ब्रेक पंपामुळे. पण पंपाला ऑइल कमी का पोहोचत होते, आणि लाल दिवा का? उस्तादांनी चेंबरच्या जोडाकडे बोट दाखवले. तिथे तुमच्या सिलिकॉनची बाहेर आलेली कडा होती, चांगली जाड. ते म्हणाले की बाहेर जेवढे दिसते तेवढेच आतही दबून निघते. चेंबर उतरवला.

ऑइल पंपाच्या तोंडाशी जाळी असते, स्ट्रेनर. चेंबरमधले ऑइल तिच्यातून ओढले जाऊन सगळ्या इंजिनाला जाते. इंजिनाचे सगळे रक्त त्या एका जाळीतून. तिच्यावर सिलिकॉनच्या राखाडी अळ्या चिकटल्या होत्या. काही चेंबरच्या जोडातून तुटलेल्या, काही त्या परतीच्या पाइपच्या तोंडातून आत पडलेल्या. तेलकट धातूवर सिलिकॉन धरत नाही. ते सुटते, आणि सुटले की आत जायला त्याला वाट असते. निम्म्याहून अधिक जाळी बुजली होती. थंड असताना जाड ऑइल कसेबसे जायचे. तापले, इंजिन हळू चालले, की दाब पडायचा आणि लाल दिवा लागायचा. असाच काही काळ गेला असता तर क्रँकची बेअरिंगे ऑइलवाचून घासली असती आणि रस्त्यात कुठेतरी इंजिन जाम झाले असते. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो ते अशाच वेळी. हेही ध्यानात घ्या की ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि भरलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड चढावर त्याहून पुष्कळ तापतो. ऑइलचा ओघळ तिकडे वळला असता तर पुढचे सांगायला नको.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असे आपल्यात म्हणतात. तुम्ही त्यापुढे गेलात. मलमच विषारी लावलेत. पाइप गळका होता, हा गाडीच्या वयाचा दोष. जाळी बुजली, हा तुमचा.

सौद्याच्या स्टँप पेपरवर तुम्ही लिहून घेतलेत की गाडी ‘जहाँ है, जैसी है’ तशी घेतली. त्या ओळीवर तुमचा मोठा भरवसा आहे. फोनवर तुम्ही तीच ओळ मला दोनदा वाचून दाखवलीत. म्हणून तुम्हाला १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ वाचायला सांगतो. विकणारा नुसता गप्प बसला तर एरवी ती फसवणूक ठरत नाही, हे त्यातच लिहिले आहे. १९३०च्या मालविक्री कायद्यातही गिऱ्हाइकाने स्वतः बघून घ्यावे हाच मूळ नियम आहे. तुम्ही गप्प राहिला असतात तर कायद्याच्या बाजूने मला फारसे बोलता आले नसते. पण त्याच कलम १७ मध्ये, माहीत असलेली गोष्ट हातपाय हलवून लपवणे ही फसवणूक म्हणून स्वतंत्र सांगितली आहे. तार पिळणे, सिलिकॉन भरणे, वर रंग मारणे याला गप्प बसणे म्हणत नाहीत. ‘जैसी है’ तशी गाडी तुम्ही मला दाखवलीच नाहीत.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्राचे नियमही आले आहेत. अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात आली की परिवहन खात्याला कळवायचे, ती कुठे नेली-आणली त्याची नोंद ठेवायची. चांगले नियम आहेत. चोरीची गाडी, न बदललेले नाव, दुसऱ्याच्या नावावरचे चलान यांना त्यांमुळे आळा बसेल. पण ते कागदाची आणि ताब्याची काळजी घेतात. चेंबरच्या आत काय पडले आहे ते सांगायला विकणाऱ्याची जीभच लागते.

आणि जुनी पिकअप घेतो कोण, ते तुम्ही रोज बघता. नवी गाडी परवडत नाही म्हणून आलेला, धमध्याचा, बेमेतऱ्याचा, बालोदचा शेतकऱ्याचा मुलगा. पहिला धंदा, पहिले कर्ज, बायकोचे दागिने गहाण. त्याच्याकडे आमच्यासारखे उस्ताद नाहीत. त्याला पहिल्या मिस्त्रीने मागचे सील सांगितले तर तो ते बदलेल, गळती राहील. दुसऱ्याने हेड गॅस्केट सांगितले तर तेही बदलेल, गळती राहील. तिसऱ्या वेळी पैसे संपलेले असतील आणि तो रोज सकाळी अर्धा लिटर ऑइल ओतून गाडी पळवत राहील, ब्रेक कडक असला तरी. एका रबरी पाइपचे पैसे तुम्ही वाचवलेत, त्याची किंमत हा मुलगा भरतो.

तुमच्या अंगणात आणखी एक पिकअप उभी आहे असे ककांनी सांगितले, आणि तिचे इंजिन अजून धुतलेले नाही असेही सांगितले. ते धुऊ नका. गिऱ्हाईक येईल तेव्हा इंजिन गार असू द्या, सकाळचे पहिले सुरू करणे त्याला बघू द्या. आदल्या रात्रीचा पुठ्ठा गाडीखालून काढून त्याच्या हातात द्या. अल्टरनेटरच्या मागे बॅटरी मारून दाखवा. सिलिकॉन कुठे लावले आहे ते स्वतः सांगा. मग भाव करा. कमी पैसे मिळतील, हे खरे आहे. तेवढीच त्या गाडीची किंमत आहे.

आता आपला हिशेब. नवा पाइप, क्लॅम्प, तांब्याचे वायसर, व्हॅक्यूम पंपाचे सील आणि पाती, अल्टरनेटरचे ब्रश, हे पैसे मी तुमच्याकडे मागत नाही. जुनी गाडी घेतली की झीज घेणाऱ्याची. चेंबर उतरवणे, स्ट्रेनर आणि ऑइलच्या वाटा साफ करणे, बेअरिंगे उघडून तपासणे, नवे गॅस्केट, त्यात वाया गेलेले ऑइल आणि गाडी उभी होती तेव्हा धमध्याला पडून सडलेला माल, हे पैसे तुमचे. हा दोष गाडीत नव्हता. तो तुम्ही आत घातलात. बिल उस्तादांकडे आहे, आणि काढलेला पाइप, तार आणि जाळीवरचे तुकडे एका डब्यात त्यांच्याच फळीवर आहेत. संशय असेल तर या, हातात घेऊन बघा. पैसे मात्र माझ्याकडे देऊ नका. डोळे मिटून चालवायला तुम्ही ज्यांना सांगितले होते त्या ककांच्या हातात द्या, आणि देताना त्यांच्याकडे बघा.

आपल्याच गावचा,
एक पिकअपमालक
भिलाई, जिल्हा दुर्ग